शेवटच्या तोटीचे गणित

पाण्याचा प्रश्न म्हटला की आपल्या चळवळीला महाड आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु महाडच्या इतिहासातील एका बाबीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा कागदावर ते तळे तीन वर्षे खुलेच होते. ठराव होता, पाणी होते, तहानही होती, आणि तरीही ओंजळ भरत नव्हती. पुढे नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. एका घोट पाण्याला दहा वर्षे लागली.

ठराव आणि पाणी यांच्यामध्ये काहीतरी उभे असते, हा महाडचा धडा आहे. त्या वेळी तेथे काठ्या घेतलेला जमाव उभा होता. आज बहुतेक शहरांत तसा जमाव उभा नसतो. तळ्याऐवजी टेकडीवर टाकी आहे, पायऱ्यांऐवजी पाइप आहे आणि पाण्याला शिवू नका असे कोणी म्हणत नाही. तरीही वस्तीतील बाई पहाटे चार वाजता हंडा घेऊन बसते आणि पाणी येत नाही. मग मध्ये काय उभे आहे? माझे उत्तर असे की आता तेथे आकडे उभे आहेत: माणशी लिटर, टाकीची उंची, पाइपचा व्यास, पुरवठ्याचे तास. हे आकडे ज्याला वाचता येत नाहीत त्याला आपल्यावर अन्याय झाला आहे एवढे कळते, पण तो कोठे झाला हे कळत नाही. मी आयुष्यभर विज्ञान शिकविले. आमच्या अभ्यासवर्गात तरुण कार्यकर्त्यांना मी हे गणित समजावून देतो. तेच येथे मांडतो. उदाहरण माझ्या रत्नागिरीचे घेतो.

पाऊस उदंड, साठा तोकडा

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आमचे सडे जांभ्या दगडाचे. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून झिरपते, खालच्या शेडीच्या मातीवर अडते आणि डोंगरउतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडून व्हाळांतून खाडीला मिळते. आश्विनात तुडुंब दिसणारी विहीर चैत्रात तळ दाखवते. म्हणून कोकणातील टंचाई ही पावसाची टंचाई नव्हे, ती साठ्याची टंचाई आहे.

हे एका घराच्या हिशोबाने पाहू. तीस चौरस मीटरचे कौलारू छप्पर घ्या. ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर तीन हजार लिटर. त्या छपरावर वर्षाला ९० हजार लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या घराला माणशी ५५ लिटरने रोज २७५ लिटर लागतात. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांची गरज सुमारे ६७ हजार लिटर झाली. म्हणजे गरिबाच्या छपरावरही त्याला पुरून उरेल एवढे आभाळ उतरते! पण ६७ हजार लिटरची टाकी बांधायला जागा आणि पैसा कोठून आणायचा? पाणी फुकट पडते, साठवण मात्र विकत घ्यावी लागते. ज्याच्याकडे जमीन आहे त्याची विहीर, ज्याच्याकडे पैसा आहे त्याची कूपनलिका आणि गच्चीवरची टाकी. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याच्याकडे हंडा आणि कळशी. साठवण हीदेखील एक मालमत्ता आहे, आणि मालमत्तेचे वाटप या देशात जातीने झालेले आहे. म्हणूनच सार्वजनिक धरण आणि सार्वजनिक टाकी ही भूमिहीनाची विहीर आहे.

बाबासाहेबांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. देशाच्या जलनीतीची पायाभरणी त्यांच्या खात्याने केली. केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग १९४५ मध्ये त्यांच्याच काळात स्थापन झाला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथील परिषदेत त्यांनी मांडलेला विचार असा होता की पाण्याची विपुलता हे संकट मानणे चूक आहे, माणसाला अधिक त्रास पाण्याच्या अभावाने होतो, म्हणून पाणी समुद्रात घालवून देण्यापेक्षा ते ठिकठिकाणी अडवून साठवले पाहिजे. हे बोल ओरिसाच्या पुरांबद्दलचे होते, पण ते कोकणालाही तंतोतंत लागू पडतात. महाडचे बाबासाहेब आपण जयंतीला आठवतो. कटकचे बाबासाहेबही आपल्या अभ्यासात आले पाहिजेत.

माणसाला किती पाणी?

योजना आखणारा अभियंता पहिला प्रश्न विचारतो तो लोकसंख्येचा. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे ७० हजार लोक होते, २०११ मध्ये सुमारे ७६ हजार. दहा वर्षांत वाढ फारशी दिसत नाही. पण जो या शहरात राहतो त्याला ठाऊक आहे की शहर हद्दीबाहेर वाढले; शिरगाव, नाचणे, कुवारबाव, मिरजोळे या गावांच्या रानात इमारती उठल्या. २०२१ची जनगणना झालीच नाही. जुन्या आकड्यावर आणि जुन्या हद्दीवर आखलेली योजना कामाला लागण्यापूर्वीच अपुरी ठरते. धरण पन्नास वर्षांच्या गरजेवर आखावे, मुख्य वाहिनी तीस वर्षांच्या गरजेवर, शुद्धीकरण केंद्र आणि पंप पंधरा वर्षांच्या गरजेवर, असा संकेत आहे. तीस वर्षांनी कोण कोठे राहील याचा अंदाज करताना ज्यांची घरे अधिकृत नकाशावर नाहीत, ती माणसे अंदाजातूनही गळतात.

दुसरा प्रश्न माणशी किती लिटर हा. येथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण विषमतेची पहिली ओळ येथे लिहिली जाते. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठाविषयक नियमपुस्तिकेची १९९९ची आवृत्ती दीर्घकाळ वापरात होती. तिच्यात भुयारी गटारे असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर, गटारे नसलेल्या गावाला ७० लिटर, महानगराला १५० लिटर आणि सार्वजनिक नळकोंडाळ्यावर पाणी भरणाऱ्याला ४० लिटर असे माप आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला ५५ लिटर ठरविले.

या मापांना त्यांची तांत्रिक कारणे आहेत. ज्याच्या घरी फ्लशचा संडास आहे त्याला जास्त पाणी लागते, ज्याला डोक्यावरून वाहून आणायचे आहे तो कमी वापरतो. परंतु कारण आणि न्याय एक नव्हेत. नळकोंडाळ्यावरचा माणूस ४० लिटर वापरतो, कारण त्याला घरात नळ दिलेला नाही. आधी नळ द्यायचा नाही, मग नळ नाही म्हणून पाण्याचे माप कमी धरायचे, मग माप कमी म्हणून बारीक पाइप टाकायचा, आणि पाइप बारीक म्हणून पुढेही घरात नळ देता येत नाही असे सांगायचे! हे वर्तुळ आपल्या परिचयाचे आहे. घाणीचे काम द्यायचे आणि घाणेरडा म्हणून दूर ठेवायचे, या जुन्या न्यायाचेच ते नवे रूप आहे. आणि हद्दीचे काय? शहराची हद्द रस्त्यावरून जात असेल तर अलीकडच्या कडेला माणसाची किंमत १३५ लिटर, पलीकडच्या कडेला ५५.

आता रत्नागिरीचा हिशोब करू. ७६ हजार माणसे गुणिले १३५ म्हणजे रोज सुमारे १ कोटी ३ लाख लिटर घराघरांत पोहोचले पाहिजे. वाटेत पंधरा टक्के गळती धरण्याची परवानगी आहे. म्हणजे सुमारे १ कोटी २१ लाख लिटर सोडावे लागतील. गळती चाळीस टक्क्यांवर गेली तर तेवढेच पाणी पोहोचविण्यासाठी १ कोटी ७२ लाख लिटर सोडावे लागतात. हा ५१ लाखांचा फरक वस्त्यांच्या तहानेतूनच भागविला जातो, कारण पाण्याची तूट नेहमी वाहिनीच्या शेवटाला पडते.

रोजचे १ कोटी २१ लाख लिटर म्हणजे १२,१०० घनमीटर. पावसाळ्यानंतरच्या २४० दिवसांसाठी २९ लाख घनमीटर, सरकारी भाषेत २.९ दलघमी. बाष्पीभवन, गाळ आणि तळाशी उचलता न येणारे पाणी वेगळे. रत्नागिरी शहराचा मुख्य आधार शीळचे धरण. तेथील पाणी जॅकवेलमधून पंपांनी उचलून साळवी स्टॉपच्या शुद्धीकरण केंद्रात आणावे लागते. पानवलचे जुने धरण उंचावर असल्याने तेथून पाणी उताराने शहराकडे आणण्याची सोय होती. उताराने येणाऱ्या पाण्याला वीजबिल नसते आणि वीज गेली म्हणून ते थांबत नाही. म्हणून लहान, उंचावरचे, जुने साठे मोडीत काढण्याची घाई करू नये. एकाच पंपावर अवलंबून असलेले शहर पंप बिघडला की टँकरवर येते, आणि टँकर आधी कोणत्या गल्लीत वळतो हे सांगायला नको.

दोन प्रकारची शुद्धी

महाडच्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. १०८ घागरी पाणी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतले गेले आणि मंत्र म्हणून तळे शुद्ध ठरविले गेले. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध झाले! ती एक शुद्धी. दुसरी शुद्धी साळवी स्टॉपसारख्या केंद्रात होते. तिचे स्वरूप कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे, कारण ती जात ओळखत नाही.

धरणाचे पाणी पावसाळ्यात लाल गढूळ येते. त्यातील मातीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते आपोआप तळाशी बसत नाहीत. सारख्याच विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटी घातली की तो भार मोडतो. मिनिटभर जोरात घुसळल्यावर तुरटी पाण्यात मिसळते, मग दहा ते तीस मिनिटे हळुवार ढवळल्यावर कण एकत्र येऊन त्यांचे कापसासारखे पुंजके होतात. दोन-अडीच तास पाणी संथ ठेवले की पुंजके खाली बसतात. किती तुरटी घालायची हे दर दिवशी पाणी पाहून ठरवावे लागते. त्यासाठी पाच-सहा भांड्यांत वेगवेगळे प्रमाण घालून पाहण्याची साधी चाचणी आहे. तुरटी कमी पडली तर गाळण चुकते, जास्त झाली तर पैसा आणि पाणी दोन्ही बिघडते.

निवळलेले पाणी वाळूच्या थरातून गाळतात. जलद वाळू-गाळणीत एका चौरस मीटरमधून तासाला सुमारे पाच घनमीटर पाणी जाते. रोजचे १२,१०० घनमीटर बावीस तासांत गाळायचे तर तासाला ५५० घनमीटर, म्हणजे ११० चौरस मीटर वाळू, अंदाजे शाळेच्या तीन वर्गखोल्यांएवढी जागा. वाळू तुंबली की उलट्या दिशेने पाणी सोडून ती धुवावी लागते. त्या वेळी ती गाळणी बंद राहते, म्हणून एक गाळणी जादा हवी. केंद्राची क्षमता विचारताना हा जादा भाग आहे की नाही हे विचारावे. नसेल तर भर पावसात, पाणी सर्वांत गढूळ असते तेव्हाच, गाळणी न धुता पाणी पुढे ढकलण्याचा मोह होतो.

शेवटी क्लोरीन. तो मिसळल्यावर किमान अर्धा तास पाणी टाकीत राहिले पाहिजे, तेव्हा जंतू मरतात. आणि एवढ्याने भागत नाही. वाटेत पुन्हा जंतू शिरले तर त्यांना मारण्यासाठी तोटीपाशीही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ओ.टी. टेस्टची बाटली आणि दोन थेंब द्रावण एवढे पुरे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, पांढरे राहिले तर नाही. ही बाटली प्रत्येक वस्तीतल्या मंडळाच्या कपाटात असावी, असे मी आग्रहाने सांगतो.

गाळलेल्या पाण्याचे महत्त्व जगाला कसे पटले? १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे मेली. शेजारचे आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचे पाणी पीत होते, आणि तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतर खालच्या अंगाला उचललेले. पण आल्टोना ते वाळूतून गाळून घेत असे, हॅम्बुर्ग गाळत नव्हते. दोन्ही शहरांची हद्द रस्त्यांतून जात होती; हॅम्बुर्गच्या बाजूची घरे आजारी पडली, आल्टोनाच्या बाजूची वाचली. माणसे एकाच वंशाची, एकाच धर्माची, नदीही एकच. फरक होता तो वाळूचा. रॉबर्ट कॉख यांनी या उदाहरणाचा अभ्यास केला आणि पाणी गाळण्याचा आग्रह सर्वत्र मान्य होत गेला. जो शुद्ध-अशुद्धाचा विचार वाळूवर, तुरटीवर आणि क्लोरीनवर उभा राहतो, त्यात कोणीही जन्माने अशुद्ध नसतो.

पातळीचे राजकारण

शुद्ध झालेले पाणी उंच टाकीत जाते. टाकी कशासाठी? पंप दिवसभर एका गतीने चालतो, पण माणसे पाणी सकाळी आणि संध्याकाळी भरतात. मधला फरक टाकी भरून काढते. साधारणपणे दिवसाच्या गरजेच्या एक-तृतीयांश पाणी मावेल एवढी टाकी धरतात. सहा हजार वस्तीच्या भागाला १३५ लिटरने रोज ८ लाख १० हजार लिटर लागतात. त्याला २ लाख ७० हजार लिटरची टाकी हवी. टाकी अपुरी असली की पाणी थोडा वेळच सोडता येते. आणि थोडा वेळ सुटणारे पाणी ज्याच्याकडे घरची टाकी आहे त्याला पुरते. त्याच्या गच्चीवर दोन हजार लिटर भरून राहतात. ज्याच्याकडे चार हंडे आहेत त्याचे चार हंडे भरतात. नळ दोघांकडेही आहे आणि पाणीपट्टीही दोघे भरतात. मजुरीला जाणारी बाई पाण्याची वेळ चुकू नये म्हणून कामाचा खाडा करते, तेव्हा त्या खाड्याची नोंद कोणत्याही योजनेच्या खर्चात होत नाही.

आता उंची. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब देतो. पाणी दुसऱ्या कशानेही ढकलले जात नाही, ते पातळीच्या फरकाने जाते. एकमजली घरापाशी निदान सात मीटरचा, दुमजली घरापाशी बारा मीटरचा दाब शिल्लक राहावा असे १९९९ची पुस्तिका सांगते. उदाहरणादाखल टाकीची पातळी ६० मीटर धरा. खाडीलगतची पेठ १० मीटरवर आहे. तिला ५० मीटरचा दाब मिळाला. डोंगरउतारावरची वाडी ५० मीटरवर आहे. तिच्या वाट्याला दहाच मीटर आले. त्यात पाइपच्या घर्षणाने आठ मीटर खाल्ले की उरले दोन. पेठेतील नळ उघडले की तेवढेही राहत नाहीत आणि वाडीच्या तोटीतून हवा फुसफुसते.

अशा एका वाडीत मी पाहिले आहे की लोकांनी नळाची तोटी खाली घेऊन जमिनीत हातभर खड्डा खणला होता; कळशी खड्ड्यात ठेवली की थोडी धार लागायची. माणसे पाण्यासाठी जमिनीत उतरली होती. त्या कार्यालयात विचारल्यावर उत्तर मिळाले, "आम्ही पाणी सगळ्यांना सारखेच सोडतो." उत्तर देणारा खोटे बोलत नव्हता. व्हॉल्व्ह सर्वांसाठी एकाच वेळी उघडत होता. असमान पातळीवर उभ्या असलेल्यांना सारखी वागणूक दिली की विषमता कायम राहते, ही गोष्ट राखीव जागांच्या संदर्भात आपण शंभरदा सांगितली आहे. येथे तीच गोष्ट पदार्थविज्ञानाने सिद्ध होते.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. शहराचे पातळीनुसार विभाग पाडावेत, उंच भागाला स्वतंत्र उंच टाकी द्यावी, खालच्या भागाचा अतिरिक्त दाब झडपेने कमी करावा. स्वतंत्र विभाग म्हणजे जातवार टाकी नव्हे, हे मात्र ठासून सांगितले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात वेंगैवयल येथे दलित वस्तीला पाणी पुरवणाऱ्या उंच टाकीत मानवी विष्ठा सापडली. ती कोणी टाकली याचा वाद न्यायालयात गेला. पण ज्या टाकीचे पाणी फक्त एकच समाज पितो, ती टाकी त्या समाजाइतकीच एकटी पडते. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद खुला केला आणि १९७२ पासून बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा'ची हाक दिली, त्यामागील सूत्र आज टाकीलाही लागू आहे. विभाग पातळीने पाडावेत. एका टाकीवर पेठही असावी आणि वाडीही असावी. मग त्या टाकीची काळजी सगळ्यांनाच लागते.

शेवटचे दोनशे मीटर

केंद्रातून निघालेले शुद्ध पाणी वाटेत अशुद्ध कसे होते? पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो. रिकाम्या पाइपमध्ये पोकळी निर्माण होते आणि ती फुटक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढते. कोणी थेट नळाला मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. आता पाइप गटारातून गेला असेल तर आत काय येणार? आणि गटारातून, उघड्यावरून, जेमतेम मातीखालून गेलेले पाइप कोणत्या वस्तीत असतात? म्हणून चोवीस तास दाबाखाली पाणी ही चैन नव्हे. भरलेल्या पाइपमध्ये घाण शिरत नाही. केंद्र सरकारची २०२४ची सुधारित पुस्तिकाही चोवीस तास पुरवठ्यावरच भर देते. पण चोवीस तासांचा प्रयोग शहराच्या कोणत्या भागापासून सुरू होतो, इकडे आपण लक्ष ठेवले पाहिजे. ज्या भागात पाइप सर्वांत वाईट, तेथून तो सुरू झाला पाहिजे.

अमेरिकेतील फ्लिंट शहराचे उदाहरण येथे बोलके आहे. काळ्या लोकांची बहुसंख्या असलेल्या या शहरात २०१४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला गेला. नवे पाणी पाइप झिजवणारे होते आणि ती झीज रोखणारे रसायन घातले गेले नाही. जुन्या पाइपांतले शिसे पाण्यात उतरून मुलांच्या रक्तात गेले. लोक पिवळे पाणी बाटल्यांत भरून दाखवीत होते, अधिकारी पाणी योग्य आहे असे सांगत होते. कागदावरचे पाणी आणि तोटीचे पाणी वेगळे असू शकते, हे सांगणारा पहिला माणूस नेहमी शेवटच्या तोटीपाशी उभा असतो.

आणखी एक हिशोब राहिला. घरात आलेल्या पाण्याचे सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. १ कोटी ३ लाखांचे ८२ लाख लिटर, रोज. ते उताराने जाते, सखल भागातल्या वस्तीच्या दारातून वाहते आणि जांभ्यातून झिरपून तिच्या विहिरीत उतरते. गटारांच्या योजनेशिवाय पाण्याची योजना म्हणजे एकाचा संडास धुऊन दुसऱ्याच्या विहिरीत घालणे होय. ती गटारे साफ करायला कोणाच्या मुलांना उतरवले जाते, हेही आपण जाणतो. हाताने मैला साफ करण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. पण यंत्राने साफ करता येईल अशी गटारे योजनेतच धरली नाहीत, तर तो कायदा महाडच्या १९२४च्या ठरावासारखाच कागदावर राहील.

काय विचारावे?

पाणीयोजना मंजूर झाल्यावर मोर्चा काढणे म्हणजे पाइप पुरल्यानंतर त्याचा व्यास विचारणे. प्रश्न अहवालाच्या वेळीच विचारले पाहिजेत. २००५च्या माहितीच्या अधिकाराने योजनेचा सविस्तर अहवाल आणि नकाशा मिळू शकतो. तो मिळवावा आणि पुढील गोष्टी त्यात शोधाव्यात:

१. लोकसंख्येच्या अंदाजात आपली वस्ती धरली आहे का? तिला माणशी किती लिटर धरले आहेत?

२. आपल्या वस्तीची पातळी किती, तिच्या टाकीची पातळी किती आणि शेवटच्या तोटीपाशी किती दाब राहील?

३. आपल्या भागाच्या टाकीची क्षमता रोजच्या गरजेच्या एक-तृतीयांश तरी आहे का?

४. शेवटच्या गल्लीतील पाइपचा व्यास किती आणि तो गटाराच्या कोणत्या अंगाने जातो?

५. पाण्याचे नमुने कोठून घेतले जातात? टाकीपाशी की शेवटच्या तोटीपाशी?

६. सांडपाणी कोठे जाणार?

दलित वस्ती सुधारणेच्या निधीतून वस्तीत पाइप येतो, फीत कापली जाते, पाटी लागते. त्या पाइपला पुरेशा उंचीची टाकी जोडली आहे का हे कोणी विचारत नाही. पाइप म्हणजे पाणी नव्हे.

आपल्या मुलांपैकी काहींनी अभियंते व्हावे, हे खरेच. परंतु तोवर थांबण्याचे कारण नाही. वर दिलेले सारे गणित सातवीच्या गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. लांब पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतो, तशी दोन घरांमधली पातळी कोणालाही काढता येते. आमच्या अभ्यासवर्गातील मुलामुलींनी अशीच एका वाडीची पातळी काढली, आठ दिवस पाण्याच्या वेळा लिहिल्या, हंडा भरायला लागणारी मिनिटे मोजली आणि ओ.टी. टेस्टचे रंग नोंदले. तो कागद घेऊन गेल्यावर समोरच्या खुर्चीला "पाणी सारखेच सोडतो" हे उत्तर देता आले नाही. वाडीला अजून उंच टाकी मिळालेली नाही, पण पुढच्या आराखड्यात तिची पातळी आता लिहिली गेली आहे. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी आपल्या शाळेतील मुलांकडून या उन्हाळ्यात एवढेच काम करून घ्यावे: आपल्या गावातील शेवटची तोटी कोणती ते शोधून काढावे आणि एक हंडा भरायला तेथे किती मिनिटे लागतात ते मोजावे.